पुण्यात बसून पुण्य वाढवताना: क्रुसेडर किंग्ज ३ च्या कन्सोलची पहिली ओळख

पालख्या मुक्कामाला आल्या की आमच्या नाना पेठेतून स्कूटरसुद्धा बाहेर काढता येत नाही. निवडुंग्या विठोबाच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तशाच एका दिवशी चिंचवडहून मामेभावाचा फोन आला. "दादा, माझा राजा पापी ठरलाय रे. काहीतरी कर." मी फोनवरून एकेक अक्षर सांगायला लागलो. ए, डबल डी, मग खालची रेघ, मग पी-आय-ई-टी-वाय, जागा सोड, आता पाच हजार. आई वारकऱ्यांसाठी पोळ्या लाटत होती. "कशाचे पाच हजार?" मी म्हटलं, "पुण्य." तिनं लाटणं थांबवलं. "बाहेर माणसं देहूपासून चालत आलीत, आणि तुम्ही फोनवर पुण्य मागवताय!"

तर हे फोनवर मागवलेलं पुण्य. क्रुसेडर किंग्ज ३ हा मध्ययुगातला राजा होऊन राज्य चालवायचा पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीचा खेळ १ सप्टेंबर २०२० ला आला. त्यात सोनं, प्रतिष्ठा आणि पायटी अशी तीन नाणी चालतात. पायटीला मी सरळ पुण्य म्हणतो, दुसरा नेमका शब्द मला सुचत नाही. कन्सोलमधून, म्हणजे खेळातच कमांड टाइप करायच्या चौकटीतून, ते कमीजास्त करणं अवघड नाही, पण नवशिके हमखास ठेचकाळतात. मीही ठेचकाळलो, आणि भावाला फोनवर अर्धा तास समजावूनही तो ठेचकाळलाच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

एक सूचना आधीच. कमांड फोनवर सांगतात तशाच इथे देवनागरीत लिहिल्यात आणि गरज पडेल तिथे स्पेलिंग अक्षरांनी दिलंय. टाइप करताना मात्र सगळं इंग्रजी लहान लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायचं. कमांडमध्ये _ दिसेल तिथे अंडरस्कोर, म्हणजे शिफ्ट दाबून हायफनचं बटण.

काय काय लागेल

- कॉम्प्युटरवरचा क्रुसेडर किंग्ज ३. मी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला धरून चाललोय.
- आयर्नमॅन (जुन्या सेव्हवर मागे जाऊ न देणारा कडक प्रकार) बंद ठेवून सुरू केलेला, एकट्यानं खेळायचा डाव. आयर्नमॅनमध्ये किंवा मित्रांबरोबरच्या डावात कन्सोल चालत नाही.
- कागद-पेन. हसू नका, पायरी ७ ला लागेल.

१. आधी दोन खाती वेगळी ओळखा

सगळा घोळ इथे होतो, त्यामुळे इथे जरा थांबू.

पुण्य म्हणजे खिशातली रक्कम. धर्मयुद्ध पुकारताना, धर्म बदलताना, नवा पंथ काढताना, कॅथलिक राजा असाल तर पोपकडे पैसे किंवा एखाद्या मुलखावरचा दावा मागताना ही रक्कम खर्च होते. डिव्होशनची पातळी ही वेगळी गोष्ट आहे. ती आयुष्यभरात कमावलेल्या पुण्यावरून ठरते आणि खर्चामुळे खाली येत नाही. हॉटेलात आज किती पैसे उडवलेत यावर पेठेतली पत ठरत नाही, तसंच.

पातळ्या खालून वर अशा: सिनर, ड्यूटिफुल, फेथफुल, डिव्होटेड सर्व्हंट, पॅरॅगन ऑफ व्हर्च्यू आणि सगळ्यात वर रिलिजस आयकॉन. वर पुण्याच्या आकड्यावर माउस नेलात की तुमची पातळी दिसते.

भावाचा घोटाळा असा की त्याला हवी होती पातळी आणि तो बघत होता खिसा. खिशात रक्कम असूनही एखादं धर्मयुद्ध पुकारता येत नसेल, तर त्या बटणावर माउस ठेवून काय कमी पडतंय ते वाचा. पुण्य कमी असेल तर पायरी ५ ला जा, पातळी कमी असेल तर पायरी ६ ला. तिसरंच काही कमी असेल तर कन्सोलचं पुण्य उपयोगाचं नाही. जुना असंघटित धर्म सुधारायचा असेल तर तीन तीर्थस्थळं ताब्यात लागतात. पुण्याचा कितीही डोंगर रचलात तरी तीर्थस्थळं आपोआप पदरात पडत नाहीत.

आणखी एक आकडा नवशिक्यांना चकवतो, तो फर्व्हर. हा धर्माचा जोर असतो, तुमच्या राजाचा नव्हे. खाली दिलेल्या कमांडनं तो हलत नाही.

२. सेव्हची प्रत काढा

खेळातून एक नवीन सेव्ह करा, नाव वेगळं द्या. मी "कन्सोलपूर्वी" असं देतो, अर्थात इंग्रजीत. मग डॉक्युमेंट्समध्ये पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह, त्याच्या आत क्रुसेडर किंग्ज ३, त्याच्या आत सेव्ह गेम्स या फोल्डरमधून ती फाइल उचलून डेस्कटॉपवर ठेवा. एवढं केल्यावर पुढे काहीही बिघडलं तरी पाच मिनिटांत मागे येता येतं. ऑटोसेव्हवर विसंबू नका, तो तुमच्या चुकीवरच शिक्का मारून बसतो.

३. डीबग मोड चालू करा

कन्सोल उघडायचा तर आधी डीबग मोड, म्हणजे खेळ तपासण्यासाठीचा मोड, चालू लागतो. खेळ बंद करा. स्टीमच्या लायब्ररीत खेळाच्या नावावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल, आणि खाली लाँच ऑप्शन्स नावाची रिकामी चौकट दिसेल. तिच्यात हे टाका:

-डीबग_मोड

सुरुवातीला हायफन, मग डी-ई-बी-यू-जी, अंडरस्कोर, एम-ओ-डी-ई. मध्ये कुठेही जागा सोडायची नाही. ओके वगैरे काही नसतं, खिडकी बंद करा आणि नेहमीसारखा खेळ सुरू करा.

स्टीम नको असेल तर खेळाच्या बायनरीज फोल्डरमधल्या मुख्य फाइलचा शॉर्टकट काढून त्याच्या टार्गेटच्या शेवटी एक जागा सोडून हीच ओळ जोडता येते.

चालू झालं का हे तपासायची सोपी खूण म्हणजे कुठल्याही पात्रावर माउस नेला की एरवी न दिसणारा त्याचा आयडी क्रमांक दिसायला लागतो. दिसला नाही तर हायफन विसरलात. दहापैकी नऊ वेळा तेच असतं.

डीबग मोड चालू असताना अचीव्हमेंट, म्हणजे खेळातल्या पराक्रमांची पदकं, मिळत नाहीत. ज्यांना त्या गोळा करायच्यात त्यांनी हा लेख इथेच मिटवून जिलेबी खायला जावं.

४. कन्सोल उघडणं, आणि मराठी कीबोर्डची मेख

एस्केपच्या खाली, १ च्या डावीकडे जे बटण असतं, ज्यावर छोटी तिरपी रेघ (`) आणि वर लाटेसारखी खूण (~) असते, ते दाबलं की कन्सोल उघडतो. पुन्हा दाबलं की मिटतो. लहान आकाराच्या कीबोर्डवर हे बटण बहुधा एस्केपच्याच पोटात दडलेलं असतं आणि एफएन बरोबर दाबावं लागतं.

आता आपली खास अडचण. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या विंडोजमध्ये मराठी कीबोर्डही बसवलेला असतो. तो चालू राहिला तर इन्स्क्रिप्टमध्ये त्याच बटणावर एक मात्रा येते, कन्सोल उघडत नाही, आणि माणूस समजतो की डीबग मोडच लागला नाही. भावानं खेळ दोनदा काढून पुन्हा बसवला, तेव्हा कुठे मला सुचलं की त्याला विचारावं, "अरे, खाली कोपऱ्यात काय दिसतंय, ईएनजी की मराठी?" मराठी होतं. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबा, इंग्रजीवर या. आकड्यांनाही हेच लागू. देवनागरी पाचशे कन्सोलला कळत नाहीत.

उघडला की पहिली कमांड म्हणून हेल्प टाका. कमांडची लांबलचक यादी सरसर जाईल. ती वाचायची नसते, कन्सोल ऐकतोय एवढी खात्री करायची असते. आणि डाव पॉझ करून ठेवा. कन्सोल उघडून स्पेलिंग शोधत बसलात की मागे दिवस सरकत राहतात. एकदा मी अक्षरं जुळवत असताना माझ्याच सरदारांनी बंड केलं.

५. खिशातलं पुण्य वाढवा

कमांड अशी:

अ‍ॅड_पायटी ५००

ए-डी-डी, अंडरस्कोर, पी-आय-ई-टी-वाय, जागा, आकडा, एंटर. वरचा आकडा लगेच बदलतो. कमी करायचं असेल तर आकड्याच्या आधी वजाची खूण.

जुन्या याद्यांपासून सावध. क्रुसेडर किंग्ज २ हा २०१२ चा खेळ. त्यात नुसतं पायटी लिहून आकडा टाकला की भागत होतं आणि सोन्यासाठी कॅश लिहायचे. ते उतारे अजून सगळीकडे फिरतात. तिसऱ्या भागात अ‍ॅड लागतं आणि सोन्यासाठी गोल्ड लिहितात.

किती टाकायचं? माझं मत विचाराल तर अडलेल्या कामाला जेवढं कमी पडतंय तेवढंच. मी पहिल्यांदा एका झटक्यात लाखभर टाकलं होतं. तेवीस वर्षांचा राजा एका क्षणात संतपदाला पोचला. त्यानंतर तासाभरात मी तो डाव सोडून दिला, कारण करायला काही उरलंच नाही.

इथे एक आडवळण घेतो. खेळाची एक सुरुवात ८६७ सालची आहे आणि तेव्हा दख्खनेत राष्ट्रकूट आहेत. आपल्या पुणे शहराचा जुना उल्लेख याच राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत सापडतो. ७५८ च्या ताम्रपटात पुण्य विषय, ७६८ च्या ताम्रपटात पूनक विषय. विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर त्याच काळातलं. ८६७ मध्ये गादीवर होता अमोघवर्ष. त्याच्या संजाणच्या ताम्रपटात, शके ७९३ च्या, असं कोरलंय की प्रजेवरचं संकट टळावं म्हणून त्यानं आपल्या डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला अर्पण केलं. ही कोल्हापूरचीच महालक्ष्मी असं मानतात. मी राष्ट्रकूट घेऊन खेळतो आणि प्रत्येक वेळी अ‍ॅड_पायटी टाइप करताना मला ते बोट आठवतं. म्हणून हल्ली पाचशेवर जात नाही.

६. पातळी थेट हलवा

मुळात ज्यासाठी बहुतेक जण येतात ते हे:

इफेक्ट अ‍ॅड_पायटी_लेव्हल = १

इफेक्टचं स्पेलिंग ई-डबल एफ-ई-सी-टी, लेव्हलचं एल-ई-व्ही-ई-एल. बरोबरच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा ठेवा. ही ओळ तुम्ही ज्या पात्राचा डाव खेळताय त्याला लागू होते आणि पातळी एकानं वर जाते. वजा एक टाकलंत तर एकानं खाली. मुद्दाम पापी राजा करून बघायचा असेल तर तोच रस्ता.

पातळी न उडवता हळूच पुढे ढकलायची असेल तर तिच्यामागचं खातं वाढवा:

इफेक्ट अ‍ॅड_पायटी_एक्स्पीरियन्स = ३००

एक्स्पीरियन्सचं स्पेलिंग ई-एक्स-पी-ई-आर-आय-ई-एन-सी-ई. यानं खिसा तसाच राहतो, पत वाढते. उलट, खिसा भरायचा पण पातळीला हात लावायचा नाही, असं हवं असेल तर:

इफेक्ट अ‍ॅड_पायटी_नो_एक्स्पीरियन्स = ३००

मला ही तिसरी सगळ्यात प्रामाणिक वाटते. उसने पैसे घेतल्यासारखं. काम भागतं, आणि न कमावलेली पत मिरवावी लागत नाही.

या ओळी टाकल्यावर काहीच झालं नाही तर आधी स्पेलिंग बघा, मग अंडरस्कोरऐवजी हायफन तर नाही ना ते बघा. तरीही नाही जमलं तर कन्सोलमध्ये स्क्रिप्ट_डॉक्स टाका, म्हणजे एस-सी-आर-आय-पी-टी, अंडरस्कोर, डी-ओ-सी-एस. सेव्हच्या फोल्डरशेजारी लॉग्ज नावाचं फोल्डर आहे, त्यात इफेक्ट्स नावाची फाइल तयार होते. ती नोटपॅडमध्ये उघडा, कंट्रोल एफ दाबा आणि पायटी शोधा. तुमच्याकडे खेळाची जी आवृत्ती आहे तिला कळणारे सगळे शब्द तिथे असतात. इंटरनेटवरच्या कुठल्याही यादीपेक्षा ही यादी खरी, माझ्या लेखापेक्षाही.

७. दुसऱ्या पात्राचं पुण्य

मुलाचं, बायकोचं किंवा मांडलिकाचं वाढवायचं असेल तर सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे थोडा वेळ त्याच्या अंगात शिरणं. पात्रावर माउस नेऊन आयडी बघा, मग:

प्ले, जागा, आयडी

पी-एल-ए-वाय. आता तुम्ही ते पात्र झालात. पायरी ५ किंवा ६ ची कमांड द्या आणि परत या.

परत यायला स्वतःच्या राजाचा आयडी लागतो. कागद-पेन यासाठीच होतं. मी एकदा आयडी न लिहिता शेजारच्या राजाच्या अंगात गेलो, त्याला हजार पुण्य दिलं, आणि परतीचा रस्ता हरवला. राजाचं नाव आठवेना, कारण दोन पिढ्यांत एकाच नावाचे तिघं होते. शेवटी डेस्कटॉपवरची सेव्ह कामाला आली.

८. कमांडशिवाय पुण्य वाहतं ठेवायचं असेल तर

एकरकमी पुण्य टाकण्यापेक्षा दरमहा येणारं वाढवणं मला जास्त रुचतं. प्रत्येक धर्मात काही स्वभाव पुण्यकारक असतात, काही पापकारक, आणि पुण्यकारक स्वभाव असला की महिन्याचं पुण्य वाढतं. कोणते, ते तुमच्या धर्माच्या पानावर लिहिलेलं असतं. एका धर्मात जे पुण्य ते दुसऱ्यात असेलच असं नाही, म्हणून आधी बघा. झेलस म्हणजे श्रद्धाळू, कट्टर स्वभाव. त्यानं पुण्याची आवक वाढते. तो असा द्यायचा:

अ‍ॅड_ट्रेट झेलस

टी-आर-ए-आय-टी आणि झेड-ई-ए-एल-ओ-यू-एस. राजा सिनिकल असेल, म्हणजे देवधर्म न मानणारा, तर हे दोन स्वभाव एकत्र नांदत नाहीत. आधी रिमूव्ह_ट्रेट लिहून सिनिकल काढा, सी-वाय-एन-आय-सी-ए-एल, मग झेलस द्या.

अर्थात कन्सोलशिवायही रस्ते आहेत. देवळं बांधा, तीर्थयात्रेला जा. खेळातली तीर्थयात्रा लांबची असेल तर राजा बरेच महिने बाहेर राहतो आणि मागे कारस्थानं शिजतात, पण त्यातच गंमत आहे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, खेळातसुद्धा चालावं लागतं."

९. म्हाताऱ्या राजावर पुण्य उधळू नका

हा सापळा शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यात महागात पडतो. राजा मेला की खजिन्यातलं सोनं वारसाकडे जातं, पुण्य जात नाही. ज्याचं त्याच्याबरोबर. मी एकसष्ट वर्षांच्या राजाला पातळी पातळी करत वर चढवलं, नवा पंथ काढायचा बेत होता, आणि आठ महिन्यांत तो झोपेतच गेला. मुलाच्या खात्यात जेमतेम शंभर. तेव्हा आधी वय बघा, तब्येत बघा. संशय असेल तर वारस गादीवर येईपर्यंत थांबा.

तसंच एक तपासा. कमांड देताना तुम्ही नक्की कोण आहात? राजा मेल्यावर घाईघाईत खेळ पुढे नेला की आपण आता मुलगा झालोय हे लक्षात राहत नाही, आणि जुनी कमांड त्याच्या नावावर पडते.

१०. झाल्यावर

कन्सोल मिटवा, नवीन नावानं सेव्ह करा, एखादं वर्ष खेळून बघा. सगळं नीट चाललंय असं दिसलं की खेळ बंद करून लाँच ऑप्शन्समधली ती ओळ पुसून टाका. नाहीतर पुढच्या नव्या डावातही डीबग मोड तसाच राहतो, अचीव्हमेंट मिळत नाहीत, आणि त्या का मिळत नाहीत हे विचारायला मला फोन येतो. डेस्कटॉपवरची सेव्ह मात्र आठवडाभर राहू द्या.